नॅनो ठेवायची की काढायची?



जुन्या मोटारींची मिरवणूक निघाली की मुलेबाळे रस्त्याच्या कडेला उभी राहून पाहतात. घरी आल्यावर प्रश्न निघतो, आपल्या दारातली गाडीही पुढे अशीच मोलाची होईल काय? राजेरजवाड्यांच्या मोटारींविषयी पुष्कळ लिहिले जाते. आम्ही विचार करणार आहोत तो नॅनोचा. स्कूटरवर दाटीने बसणाऱ्या कुटुंबासाठी म्हणून काढलेल्या गाडीचा.

मार्च २००९ मध्ये मुंबईत ती बाजारात आली. किंमत लाखाच्या आसपास, म्हणून जगभर गाजावाजा झाला. ६२४ सी.सी.चे दोन सिलिंडरचे इंजिन मागे, काचेला एकच वायपर, चाकाला तीनच नट. सुरुवातीच्या गाडीचे मागचे दार उघडतच नसे. सामान ठेवण्यासाठी मागची सीट पाडावी लागे. ‘सर्वांत स्वस्त’ हा शिक्काच तिला बाधला. गरिबाची गाडी कोणालाच नको होती. (गरिबालाही नको होती, हे विशेष!) २०१८ मध्ये ती बनणे थांबले. जुनी गाडी मोलाची ठरते ती तिच्यामागच्या गोष्टीमुळे, आणि अशी गोष्ट नॅनोजवळ आहे, असे आमचे मत आहे.

पण नुसत्या गोष्टीवर गाडी चालत नाही. मुंबईची पद्मिनी टॅक्सी आठवा. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली ही गाडी बंद पडली की नाक्यावरचा मेकॅनिक कार्बोरेटर खोलून, फुंकर मारून चालू करी. ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली, ती टॅक्सीसाठी असलेल्या २० वर्षांच्या मर्यादेमुळे.

नॅनो दिसायला साधी, तरी इंजिनात पेट्रोल किती सोडायचे हे एक संगणकाची पेटी ठरवते. तिच्या नंतरच्या गाड्यांत अशा पेट्या आणि सेन्सर आणखी वाढले. त्यामुळे धूर कमी झाला, हे चांगलेच. पण पत्रा ठोकून सरळ करता येतो, चिप ठोकून दुरुस्त होत नाही. आणखी तीस वर्षांनी ती पेटी गेली आणि भंगारातही दुसरी मिळाली नाही, तर गाडी नुसती शोभेची.

कायद्याचेही पाहा. २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. त्या नियमात नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये ठरली आणि ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. २००९ ची नॅनो तेथे पोचणार २०५९ मध्ये! तोवर काय? खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी आणि फी, वर हरित कर, विमा. २००९-१० च्या गाड्यांची ती पहिली मुदत केव्हाच संपली.

म्हणून, पुढे भाव येईल या आशेवर गाडी दारात उभी ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मुलीच्या कॉलेजची फी भरायची असेल तर गाडी खुशाल काढा. हळहळ वाटेल, ती आठ दिवसांची. आणि गाडी रोज कामाला येत असेल, घरातला कोणी स्वतः पाना धरणारा असेल, तर मात्र काढण्याची घाई नको.

ठेवायचीच असेल तर चालती ठेवा. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, पेट्रोल खराब होते, टायर एका जागी दबतात आणि उंदीर वायरी कुरतडतात. पंधरवड्यातून एकदा तरी दहा-बारा किलोमीटर फिरवून आणा. चकचकीत चाके, रंगीत दिवे लावू नका. मूळ रूप बदलले की ती किंमतही गेली. खरेदीचे बिल, नोंदणीपुस्तक, गाडीसोबत आलेली माहितीपुस्तिका आणि दुसरी किल्ली एकाच पिशवीत घालून घरच्या महत्त्वाच्या कागदांजवळ ठेवा.