कॉलेजांनीं मुकादमी करूं नये

हल्लीं जिकडे तिकडे एकच बोलणें ऐकूं येतें. विद्यापीठें आणि कारखानदार यांचें लग्न लावा, म्हणजे पदवीधर मुलगा बेकार राहणार नाहीं! लग्न जमविण्यास आमची ना नाहीं. मात्र या लग्नांत हुंडा म्हणून ज्याचा मुलगा जावयाचा आहे, त्या शेतकऱ्यास कोणी विचारलें आहे काय?

आपल्या नंदुरबार जिल्ह्याची स्थिति पहा. १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यापासून हा जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या शिरगणतींत राज्यांत शंभरांत ब्याऐंशीं माणसें साक्षर भरलीं, तर येथें चौसष्टच. दहांतील सात माणसें आदिवासी. अशा मुलुखांत धडगांव-अक्कलकुव्याचा मुलगा बी. ए. होतो, तेव्हां बहुधा त्याच्या सबंध घराण्यांत तो पहिलाच असतो. त्याच्या पदवीसाठीं गोठ्यांतला बैल विकलेला असतो, नाहीं तर माउलीच्या अंगावरचें चांदीचें कडें सावकाराकडे गेलेलें असतें. आणि पदवी हातीं आल्यावर? पोलीसभरतीच्या मैदानावर धांवावें, तेथें नंबर न लागला तर आईबापांबरोबर गुजराथेंत ऊसतोडीस जावें. कोयता धरण्यास बी. ए. लागत नाहीं, हें त्या बापास पक्कें ठाऊक आहे.

म्हणून शिक्षणाची कामाशीं सांगड घाला, हें म्हणणें आम्हांस मान्य आहे. मान्य काय, तें आमचेंच आहे. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें महात्मा जोतीराव फुल्यांनीं हेंच गाऱ्हाणें मांडलें होतें. सरकारी शाळा कारकून व पंतोजी तयार करतात, रोजच्या संसारास उपयोगी असें कांहीं शिकवीत नाहींत, असा त्यांचा रोख होता. कवळाण्याच्या शेतकऱ्याच्या घरांतून बडोद्याच्या गादीवर गेलेल्या सयाजीराव महाराजांनीं १८९० त कलाभवन काढलें. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम तेथें शिकवीत. म्हणजे ही विद्या आपल्या शिवेपलीकडेच नांदत होती. तेव्हां वाद सांगडीविषयीं नाहीं. ती कोणत्या अटीवर घालावयाची, एवढाच वाद आहे.

अटीचें महत्त्व कळण्यास जुनी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. इंग्रजी अमदानींत कचेरींत ‘उमेदवारी’ करण्याची चाल होती. उमेदवारानें बिनपगारीं बसावें, दफ्तर लिहावें, साहेबाच्या नजरेस पडावें आणि जागा मोकळी होईल तेव्हां चिकटावें. हें फुकटचें बसणें कोणास परवडे? ज्याच्या घरीं आधींच एक पगारदार होता त्यास. कुणब्याचा, माळ्याचा, लोहाराचा पोर वर्षभर बिनपगारीं बसला तर घरची चूल विझे. अशा रीतीनें परीक्षेवांचून, कायद्यावांचून, सगळ्या कचेऱ्या पांढरपेशांच्या हातीं राहिल्या. दारावर ‘येऊं नये’ अशी पाटी कोणीं लावली नव्हती. पगार नव्हता, तेवढ्यानेंच काम भागलें.

आज तीच उमेदवारी नवें नांव घेऊन आली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणें राज्यांतील विद्यापीठांनीं अभ्यासक्रम बदलले, आणि त्यांत ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला गुण ठेवले. बेत चांगला आहे. परंतु काम करणारास पगार नसेल, तर पुण्यांतल्या साहेबाचा मुलगा मामाच्या कंपनींत जाऊन खरें काम शिकेल, आणि मोलगीचा मुलगा गांवांतल्याच एखाद्या दुकानाचा शिक्का कागदावर मारून आणील. गुण दोघांस सारखे. विद्या मात्र एकासच.

कायदा याहून बरा आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा २०१४ त दुरुस्त झाला, आणि इंजिनियर नसलेले पदवीधरही त्यांत आले. २०१९ च्या नियमांप्रमाणें तीस किंवा अधिक माणसें जेथें राबतात, त्या मालकानें शेंकडा अडीच ते पंधरा शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत. पदवीधरास महिना किमान नऊ हजार रुपये विद्यावेतन त्या नियमांनीं ठरविलें, आणि पदवीधराच्या किमान विद्यावेतनाचा अर्धा वांटा केंद्र सरकार सोसतें. हें किती बापांस ठाऊक आहे? जे कॉलेज प्रवेशाच्या वेळीं फीचा आंकडा पाठ म्हणून दाखवितें, तें हा आंकडा कां सांगत नाहीं?

तथापि नुसत्या पैशानेंही भागत नाहीं. २०२४ त राज्य सरकारनें मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. पदवीधरास महिना दहा हजार, मुदत सहा महिने; पुढें ती अकरा महिन्यांवर नेली. पुष्कळ मुलें शाळांत व सरकारी कचेऱ्यांत बसविलीं. मुदत सरली, मुलें घरीं आलीं, आणि ‘कायम करा’ म्हणून मोर्चे निघाले. कारण उघड आहे. पैसा सगळा तिजोरीचा, मालकाच्या खिशाला तोशीस नाहीं. ज्याच्या गांठीचें कांहीं जात नाहीं तो कशाला शिकवील?

ऊसतोडीचा मुकादम आपण सर्व ओळखतों. उचल देतो, टोळी भरतो, कारखान्यावर पोंचवितो आणि आपलें कमिशन घेतो. पोहोंचल्यावर कोणाचें काय झालें, याशीं त्याला कर्तव्य नसतें. जें कॉलेज ‘आमचीं इतकीं मुलें कामास लागलीं’ म्हणून जाहिरात छापतें, पण वर्षानें त्यांतलीं किती टिकलीं, काय शिकलीं, हें सांगत नाहीं, त्यानें मुकादमीच केली.

मालक म्हणतात, पोरांस काम येत नाहीं. यांत तथ्य आहे. तीन वर्षें पाठांतर केलेल्या मुलास साधें बिल लिहितां येत नाहीं, हें आपण पाहतों. पण तयार बैल हवा आणि वासरास वैरण घालावयास नको, हा कोठला न्याय?

आणि कामासाठीं पुण्यासच जावें असें थोडेंच आहे? नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या पहा. उघड्यावर मिरची वाळते, अवकाळी पाऊस येतो, बुरशी धरते, आणि भाव पडतो. ओल मोजणें, बुरशीचें विष तपासणें, परदेशच्या मालाचे कागद करणें, हीं रसायनशास्त्र व कॉमर्स शिकलेल्यांचींच कामें. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरास सातपुडा तापी परिसर कारखाना आहे, तेथें प्रयोगशाळा आहे. शहाद्यांतच सायन्सचें, इंजिनियरिंगचें कॉलेज आहे. नवापुरास तूरडाळ आहे, तळोदें-शहाद्यास केळी व पपई आहे. आपलें विद्यापीठ दीडशे किलोमीटरांवर जळगांवास. २०१८ पासून तें बहिणाबाईंचें नांव लावतें, ज्या माउलीस अक्षर येत नव्हतें पण शेत येत होतें. त्या नांवास जागावयाचें, तर विद्यापीठानें पहिला करार या पथारीशीं, या कारखान्याशीं, या डाळमिलशीं करावा.

बंधूंनो, येत्या प्रवेशाच्या वेळीं मुलाचा, आणि मुलीचाही, हात धरून कॉलेजांत जा आणि चार गोष्टी विचारा. काम शिकतांना महिना किती मिळेल? शिकविणारा कारागीर किंवा साहेब कोण, त्याचें नांव काय? शिकलेल्याचा दाखला कोण देईल? गेल्या सालच्या मुलांपैकीं आज किती कामावर आहेत? उत्तर तोंडीं घेऊं नका, कागदावर घ्या. मुकादमाची उचल आपण अंगठा देऊन घेत होतों; आतां आपल्या घरांत वाचणारें माणूस आहे. त्याच्याकडून कागद वाचवून घ्या, मगच फी भरा.