महागाई पोटाकडून पाटीकडे

१९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर मृणाल गोरे व अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा महागाईचा अर्थ निःसंदिग्ध होता. धान्य, गोडेतेल, साखर, रॉकेल या वस्तू मिळत नव्हत्या, आणि मिळाल्याच तर परवडत नव्हत्या. अर्धशतकानंतर भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या धानपट्ट्यातील गावात महागाईचा शोध केवळ चुलीपाशी घेतला, तर उत्तर अर्धेच हाती येईल.

शिधापत्रिकेवर माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत मिळते. केंद्र सरकारच्या उपभोग खर्च पाहणीनुसार ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील तृणधान्यांचा वाटा २०११-१२ मध्ये जवळपास ११ टक्के होता; २०२२-२३ मध्ये तो ५ टक्क्यांच्या खाली आला. डाळ, तेल आणि भाजीपाला यांची झळ अर्थातच कायम आहे. तथापि भात शिजण्याची चिंता जसजशी कमी झाली, तसतशी दुसरी चिंता तिच्या जागी येऊन बसली. ती आहे मूल वाढविण्याच्या खर्चाची.

या खर्चाचे स्वरूप समजण्यासाठी जून महिन्याकडे पाहावे. मृग लागला की बियाणे, खत आणि नांगरणी यांसाठी रोख पैसा लागतो. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे कृषी केंद्राची उधारी वहीत चढते न चढते तोच शाळेचे शुल्क, गणवेश, वह्या आणि वाहनाचे भाडे दारात उभे राहते. धानाचा पैसा मात्र दिवाळीनंतर, आधारभूत खरेदी केंद्रावर माप झाल्यावर, आणि तोही चुकारा वेळेवर निघाला तर हाती येतो. अन्य व्यवसायात महागाई म्हणजे भाव वाढणे. धान उत्पादकाच्या घरी ती भाव आणि वेळ यांची जोडगोळी आहे. शुल्कात शंभर रुपयांची वाढ झाली तर त्याला ते शंभर रुपये सहा महिने व्याजाने वागवावे लागतात.

साधारण धानाचा हमीभाव २०१३-१४ मध्ये क्विंटलला १३१० रुपये होता, तो २०२५-२६ च्या हंगामासाठी २३६९ झाला. बारा वर्षांत सुमारे ८१ टक्के. आकडा लहान नाही; परंतु शाळा बदलली की हे सारे गणित कोसळते. २०२५ च्या राष्ट्रीय शिक्षण पाहणीत सरकारी शाळेतील विद्यार्थ्यामागे वार्षिक सरासरी खर्च २८६३ रुपये, तर बिगरसरकारी शाळेत २५,००२ रुपये आढळला. म्हणजे एका मुलाचे नाव जिल्हा परिषदेच्या शाळेतून काढून इंग्रजी माध्यमात घातले, तर वाढीव खर्चापोटी साडेनऊ क्विंटलच्या आसपास धान विकावे लागेल, आणि यात मशागतीचा खर्च वजा केलेला नाही. मजुरीवर जगणाऱ्यांची स्थिती याहून बिकट. रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात २०२५-२६ मध्ये दिवसाला ३१२ रुपये होती. नोकरदारांप्रमाणे वर्षातून दोनदा महागाई भत्ता त्यांच्या वाट्याला येत नाही.

मग हा खर्च करतात कशाला, असा प्रश्न शहरी टीकाकार विचारतात. तो काहीसा ढोंगी आहे. ज्यांची स्वतःची मुले खाजगी शाळेत आहेत अशा शिक्षकांनी आणि कारकुनांनी शेतमजुराला मातृभाषेचे महत्त्व पटवून द्यावे, हे त्या शेतमजुराला पटणे कठीण. शेती पुढच्या पिढीला पोसणार नाही हे त्याने स्वतःच्या बांधीवर पाहिले आहे.

खरा प्रश्न हा खर्च घरातील कोण सोसते, हा आहे. दोन्ही मुलांचे शुल्क भरणे अशक्य झाले की निवड करावी लागते, आणि ती बहुधा मुलाच्या बाजूने होते. मुलगी गावातल्या शाळेत राहते. रोवणीच्या दिवसांत आई मजुरीला गेली की धाकट्याला सांभाळण्याची जबाबदारी थोरल्या मुलीवर पडते, आणि वर्गातील तिची पहिली रजा बहुधा त्याच आठवड्यात लागते. मुलींना एसटीचा पास मोफत असला, तरी हा दिवस पासाने भरून निघत नाही. वडील नागपूरला कामासाठी गेले असतील, तर मुलाशी त्यांचा संबंध भ्रमणध्वनीवरील आवाजापुरता उरतो, आणि आजी-आजोबांकडे शिस्त व लाड ही दोन्ही खाती येतात. पूर्वी वडीलधारी माणसे मुलांसमोर कर्जाची भाषा टाळत. आता शुल्काचा हप्ता कधी भरायचा याची चर्चा मुलासमोर, कित्येकदा त्याच्यासाठीच होते. परीक्षेत गुण कमी पडले की ‘तुझ्यासाठी एवढे केले’ हे वाक्य ठरलेले असते. दहा वर्षांच्या मुलाला आपण घरावरचा बोजा आहोत ही जाणीव व्हावी, यासारखे अन्य नुकसान कोणत्याही निर्देशांकात मोजले जात नाही. ग्रामीण ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ आधारवर्षाच्या मालिकेत शिक्षणाचा भार शंभरात साडेतीनच्याही आत होता. शाळकरी मुले असलेल्या घराला ही सरासरी हास्यास्पदच वाटेल.

एके काळी लहान कुटुंबाचा प्रचार याच युक्तिवादावर झाला की मुले कमी, तर ओढाताण कमी. लोकांनी ते मनावर घेतले. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर १.७ इतका खाली आला होता. ओढाताण मात्र कमी झाली नाही, कारण एका मुलामागील अपेक्षा व खर्च दोन्ही वाढत गेले.

अनुदान वा भत्ता यांनी हा प्रश्न अंशतः सुटेल. ‘लाडकी बहीण’ योजना २०२४ मध्ये दरमहा १५०० रुपयांनी सुरू झाली. नियमित रोकड म्हणून तिचे मोल मजूर घरात मोठे आहे. परंतु धानपट्ट्यात पैशाइतकेच त्याच्या तारखेला महत्त्व आहे. धान उत्पादकांना हेक्टरी १५ हजार रुपयांचा बोनस डिसेंबर २०२२ मध्ये, आणि २० हजारांचा डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जाहीर झाला. ही रक्कम जूनच्या आधी खात्यात पडली, आणि धानपट्ट्यातील खाजगी शाळांनी शुल्काचा मोठा हप्ता जूनऐवजी जानेवारीत घेतला, तर सरकारी तिजोरीवर जादा भार न पडता कित्येक घरांची सावकाराकडची एक फेरी वाचेल. असा बदल करण्यास नवा कायदाही लागत नाही. जिल्हा प्रशासन, पणन यंत्रणा आणि शाळांची व्यवस्थापने यांची मे महिन्यात एक बैठक लागते.