खिदमत म्हणजे बाजेवर बसवणे नव्हे

दोन वर्षांपूर्वी अम्मीने एकाच दुपारी डाळीत तीनदा मीठ टाकले. पहिल्यांदा आम्ही हसलो. पुढे गॅस चालू राहू लागला, आणि जुहरची नमाज आपण पढलो की नाही हे ती नातीला विचारू लागली. मग घरात सर्वांनी मिळून ठरवले, "अम्मी, अब तुम सिर्फ बैठो. हम हैं ना." स्वयंपाकघर बंद झाले. अंगण झाडणे, अंबाडी निवडणे, शेजारच्या खालाकडे जाणे, सगळेच बंद. आईला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही, असे मी शाळेच्या स्टाफरूममध्ये अभिमानाने सांगत असे.

सहा महिन्यांनी हाताला धरल्याशिवाय तिला बाजेवरून उठता येईना. विसर तिला आजाराने दिला होता. पायांतली ताकद मात्र आमच्या खिदमतीने गेली.

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे शब्दांकडे माझे लक्ष जाते. मराठीत आपण 'साठी बुद्धी नाठी' म्हणतो, घरच्या बोलीत 'सठिया गई' म्हणतो. दोन्हीकडे साठचाच आकडा. जणू त्या वयात विसरणे ठरलेलेच आहे आणि त्यावर करण्यासारखे काही नाही! ही समजूत चुकीची आहे. देशातील ज्येष्ठांच्या मोठ्या पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीपुढच्या शंभरांपैकी साधारण सात जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश आहे. एकूण आकडा सुमारे ८८ लाख. याचा अर्थ नव्वदहून अधिक लोकांना तो नाही. म्हणून विसर वाढला की वय झाले म्हणून सोडून न देता आधी डॉक्टरांकडे जायला हवे. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, कमी ऐकू येणे यांमुळेही माणूस विसरू लागतो, आणि त्यांवर इलाज आहे.

आता व्यायामाबद्दल. व्हॉट्सअॅपवर रोज कोणी ना कोणी सांगतो की अमुक व्यायाम करा, स्मरणशक्ती परत येईल. खरी गोष्ट इतकी गोड नाही. ब्रिटनमध्ये सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या ४९४ जणांचा अभ्यास झाला. त्यातल्या काहींना चार महिने चांगला दमदार व्यायाम दिला गेला. २०१८ साली निष्कर्ष आला: शरीराची क्षमता सुधारली, पण स्मृतीची घसरण थांबली नाही. २०२३ साली तिथलाच आणखी एक अभ्यास आला. त्यात आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले ३६५ जण होते. काहींना वर्षभर घरी येऊन ताकदीचे, तोल सांभाळण्याचे व्यायाम शिकवले गेले. तरी रोजची कामे करण्याच्या क्षमतेत, नेहमीची काळजी मिळणाऱ्यांपेक्षा फरक दिसला नाही.

मग कोणी म्हणेल, फायदाच नसेल तर म्हाताऱ्या माणसाला कशाला त्रास द्यायचा? इथे थांबून विचार केला पाहिजे. या अभ्यासांत तुलना होती ती खास प्रशिक्षण आणि नेहमीची काळजी यांची. माणसाला दिवसभर बाजेवर ठेवा, असे त्यांत कोणी कोणाला सांगितले नव्हते. आपल्या घरांत पर्याय वेगळे असतात. इथे एका बाजूला साधे हिंडणे-फिरणे असते आणि दुसऱ्या बाजूला बाज. पडून राहिले की स्नायू झिजतात, हे सांगायला नव्या अभ्यासाची गरज नाही. ज्याला संडासापर्यंत स्वतःच्या पायांनी जाता येते, त्याची इज्जत शाबूत असते. मला वाटते, मुलाने आधी एवढे तरी राखावे.

आजार होण्याआधीची गोष्ट आणखी आशेची आहे. फिनलंडमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका असलेल्या १,२६० ज्येष्ठांपैकी निम्म्यांना दोन वर्षे व्यायाम, आहार, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष हे सारे एकत्र दिले गेले. बाकीच्यांच्या तुलनेत त्यांची बुद्धी अधिक चांगली टिकली. म्हणजे चालायला लागायचे वय आपले, चाळिशी-पन्नाशीतल्यांचे आहे.

काही जण म्हणतात, आम्ही पाच वेळ नमाज पढतो, वेगळा व्यायाम कशाला? नमाज ही इबादत आहे, तिला व्यायामाचे प्रमाणपत्र लावायची गरज नाही. ज्याला उभे राहवत नाही त्याला बसून पढण्याची सवलत आहे. पण नमाजसाठी मिळालेली खुर्ची दिवसभराची होऊ नये.

आणि बायकांचे काय? त्याच पाहणीत पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये, शहरापेक्षा खेड्यात आणि कमी शिकलेल्यांमध्ये हा आजार जास्त आढळला. आमच्या मोहल्ल्यातला म्हातारा मशिदीत जाता-येता तरी चालतो, चार लोकांशी बोलतो. त्याच्या बायकोसाठी असा रस्ता कोणता? पुसद असो, दिग्रस असो की उमरखेड, आपल्या वस्त्यांत म्हाताऱ्या बाईने रोज जाऊन यावे अशी जागा मला तरी सांगता येत नाही. म्हणून माझी एक साधी मागणी आहे. उर्दू शाळांची पटांगणे सकाळी शाळा भरण्याआधी तासभर मोहल्ल्यातल्या ज्येष्ठ बायकांसाठी उघडी ठेवावीत. खर्च काही नाही, कुलूप उघडणारा एक माणूस हवा. "लोग क्या कहेंगे" म्हणणारे असतील. त्यांच्याही घरी अम्मी आहे.

आमच्या घरी आता काय चालते तेही सांगतो. डॉक्टरांनी रक्तदाब आणि गुडघे तपासून परवानगी दिली, त्यानंतरच सुरुवात केली. फजरनंतर, कारण आमच्या यवतमाळचे ऊन मार्चपासूनच बाहेर पडू देत नाही. पायात घट्ट चप्पल आणि सोबत एक माणूस. खुर्चीवरून दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला धरून टाचा उचलणे, मग गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येणे. वेळ तीच, क्रम तोच, म्हणजे तिला रोज नव्याने समजवावे लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला १५० मिनिटे हालचाल आणि किमान तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम सुचवते. आम्ही त्याच्या जवळपासही नाही. पण अंबाडी निवडायचे काम तिला परत दिले आहे. गॅसजवळ मात्र तिला एकटे सोडत नाही.

अम्मीला वार आठवत नाही. परवा तिने मला माझ्या मामाच्या नावाने हाक मारली. उठाबशा मात्र ती उर्दूत मोजते, एक, दो, तीन. कधी सहावर अडकते आणि पुन्हा एकपासून सुरू करते. तेव्हा दहाच्या सोळा होतात. नात हसते, अम्मीही हसते, आणि मग चहा प्यायला ती स्वतः उठून ओसरीवर येते.