मुलगा की मुलगी? पाण्याला विचारा!

काशीला जाऊन आलेला माणूस घाट, गंगेची आरती, पहाटेची नाव यांविषयी भरभरून बोलतो. गंगेतल्या माशांविषयी चकार शब्द काढत नाही. तीर्थक्षेत्री मासे आठवायचे नसतात, हेही खरेच! पण याच गंगेच्या खोऱ्यातला, जेमतेम दीड इंच लांबीचा आणि अंगावर निळे पट्टे असलेला एक मासा आज जगभरच्या प्रयोगशाळांत जाऊन बसला आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवर १८२२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन सापडते. मोठ्या प्रवाहापेक्षा कडेचे ओढे, डबकी, भातखाचरे त्याला जास्त मानवतात. झेब्राफिश हे त्याचे नाव.

या माशाने शास्त्रज्ञांना एका प्रश्नावर मात्र बरेच झुलवले. पिल्लू नर होणार की मादी, हे ठरवते कोण? माणसात त्याचा निकाल गर्भधारणेच्या क्षणीच लागतो आणि तो पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर अवलंबून असतो. (तरीही मुलगी झाली की सुनेला बोल लावणारी घरे आहेतच!) प्रयोगशाळेतल्या झेब्राफिशमध्ये असे गुणसूत्र काही केल्या सापडेना. अखेर २०१४ मध्ये उलगडा झाला. नदिया, कूचबिहार इथल्या रानटी माशांत लिंग ठरवणारा भाग चौथ्या गुणसूत्रावर होता; पिढ्यान् पिढ्या काचेच्या टाकीत वाढलेल्या वाणांतून तो नाहीसा झाला होता. अशा पाळीव वाणांत निकाल लागतो तो अनेक लहानसहान जनुकांवर आणि परिस्थितीवर. टाकीत पिल्लांची दाटी झाली, पाण्यात प्राणवायू कमी पडला किंवा पाणी जास्त तापले, की नर वाढतात.

हे घडते कसे? झेब्राफिशच्या पिल्लात सुरुवातीला अंडाशयासारखाच अवयव तयार होतो. काहींमध्ये तो तसाच वाढतो, काहींमध्ये तो विरून त्याजागी वृषण तयार होते. या वळणावर माशांच्या शरीरात अरोमाटेझ नावाचे विकर मोठी कामगिरी बजावते. ते पुरुषी संप्रेरकाचे रूपांतर स्त्री-संप्रेरकात करते. पाणी फार तापले की अनेक जातींत हे विकर तयार करणारे जनुक मंदावते, स्त्री-संप्रेरक कमी पडते आणि पिल्लू नर होते. जन्मतः मादीची गुणसूत्रे असली तरी!

यात निसर्गाचा हिशेबही असतो. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या सिल्व्हरसाइड माशात वसंतातल्या थंड पाण्यात जास्त माद्या होतात आणि पुढच्या उबदार पाण्यात जास्त नर, हे १९८१ मध्ये दाखवले गेले. लवकर जन्मलेल्या मादीला वाढायला जास्त दिवस मिळतात, आणि मोठी मादी म्हणजे जास्त अंडी.

निसर्गाची ही किल्ली माणसाच्या हाती न येती तरच नवल. जपानच्या यामामोतो यांनी १९५३ मध्ये मेडाका माशाच्या नर पिल्लांना खाद्यातून स्त्री-संप्रेरक देऊन त्यांच्या माद्या बनवल्या. आज याचा व्यापारी उपयोग सर्वांत जास्त होतो तो तिलापियात, म्हणजे उजनीच्या पाण्यामुळे महाराष्ट्राला ओळखीच्या झालेल्या चिलापीच्या कुळात. हा आफ्रिकेचा पाहुणा भारतात १९५२ मध्ये आला. आता प्रयागराज-वाराणसी पट्ट्यात मल्लाहांच्या जाळ्यातही तो येतो. याची मादी अंडी तोंडात धरून उबवते. तेवढे दिवस तिला उपास, म्हणून वाढही कमी. शिवाय तळ्यात प्रजा इतकी होते की सगळेच मासे खुरटतात. म्हणून मत्स्यपालकाला सगळे नर हवे असतात. त्यासाठी पिल्लांच्या खाद्यात तीन ते चार आठवडे मिथाइल टेस्टोस्टेरॉन मिसळतात. पिल्ले कोवळी असताना पाणी ३५-३६ अंशांवर ठेवले तरी नरांचे प्रमाण वाढते.

मग असा मासा खावा का? औषध मिळते ते पिल्लाला, पहिल्या महिन्यात. मासा बाजारात येतो त्यानंतर काही महिन्यांनी, आणि तोवर ते शरीरातून निघून गेलेले असते. काळजी करायची तर हॅचरीतून बाहेर सोडलेल्या पाण्याची आणि गाळाची करावी. खरे तर दुहेरी वाय गुणसूत्राचे नर तयार करून, प्रत्यक्ष विक्रीच्या माशाला संप्रेरक न देताही नर पिल्ले मिळवता येतात. मला हा मार्ग अधिक बरा वाटतो.

कारण पाण्यात गेलेले संप्रेरक किती पुरते, ते कॅनडात पाहून झाले आहे. तिथल्या एका प्रायोगिक तळ्यात २००१ ते २००३ या तीन उन्हाळ्यांत गर्भनिरोधक गोळीतले इस्ट्रोजेन मिसळले गेले, लिटरला पाच-सहा नॅनोग्रॅम. माला-डीच्या एका गोळीत ते ३० मायक्रोग्रॅम असते. म्हणजे एक गोळी सहा हजार लिटर पाण्याला पुरावी! त्या तळ्यातल्या नर मिनो माशांच्या शरीरात अंड्याच्या बलकाचे प्रथिन तयार होऊ लागले, काहींच्या वृषणात अंडी दिसली आणि मिनो जवळजवळ नाहीसे झाले. प्रयोग थांबल्यावर काही वर्षांनी ते सावरले. खापर गोळीवर फोडायचे मात्र कारण नाही. माणसांच्या आणि गुराढोरांच्या मलमूत्रातूनही नैसर्गिक स्त्री-संप्रेरके पाण्यात उतरतच असतात.

१४ जून १९८६ रोजी गंगा कृती योजनेचा प्रारंभ वाराणसीच्याच घाटावर झाला. दीनापूरला सांडपाणी शुद्धीकरण केंद्र उभे राहिले, २०१८ मध्ये तिथे रोज १४ कोटी लिटरचे नवे केंद्रही आले. नेहमीच्या पद्धतीची अशी केंद्रे मैला आणि सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधलेली असतात. संप्रेरकांचे असे अंश त्यांतून पुरते निघत नाहीत. त्यासाठी ओझोन किंवा सक्रिय कोळसा असा आणखी एक टप्पा लागतो. स्वित्झर्लंडने २०१६ पासून सुमारे शंभर केंद्रांत तो बसवण्याचा कायदा केला आणि खर्चासाठी सांडपाण्यावर कर लावला: माणशी वर्षाला जास्तीत जास्त नऊ फ्रँक.