मेथी, हदीस आणि फुफूची गोळी

आमच्या मिरजेच्या घरी पाव किलो मेथ्या आणल्या की चार-पाच महिने पुरतात. लागतात तरी किती? कढीच्या फोडणीत दहा-बारा दाणे, बांगड्याच्या कालवणात तेवढेच, कैरीच्या लोणच्याच्या मसाल्यात मूठभर. फुफू, म्हणजे माझ्या अब्बांची बहीण, फोडणीतल्या मेथ्यांवरून नजर हलवत नाही. दाणे तांबूस झाले की लगेच पुढचा जिन्नस टाकते, कारण ते काळे पडले तर अख्खे कालवण कडू. शेजारच्या काकूंकडून आम्हाला मेतकूट येते, उन्हाळ्यात मेथांबा येतो. आमच्याकडून त्यांच्या लेकीच्या बाळंतपणात मेथीचे लाडू गेले होते. मेथी दळून काही दिवस तुपात भिजत ठेवली की कडूपणा उतरतो. ही युक्ती मूळची फुफूची की काकूंची, यावर दोघींचा वाद अजून मिटलेला नाही.

एवढ्या साध्या दाण्यावर लेख लिहिण्यासारखे काही नव्हते. ती वेळ माझ्या चुकीमुळे आली.

दोन वर्षांपूर्वी रमजानच्या तोंडावर मोबाईलवर एक मेसेज आला. मेथीचे गुण लोकांना कळले असते तर त्यांनी ती सोन्याच्या वजनाने विकत घेतली असती, अशा अर्थाचे वाक्य आणि खाली प्रेषित मुहम्मद (स.) यांचे नाव. त्याखाली साखर, सांधेदुखी, कोलेस्टेरॉल, केसगळती अशी यादी. शेवटी, सवाब समजून पुढे पाठवा. मी वाचला, बरा वाटला, घरच्या ग्रुपवर टाकला. दहा सेकंदांचे काम.

फुफूला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. दोन वेळा गोळी. तिने तो मेसेज आपल्या सुनेकडून दोनदा वाचून घेतला. त्या रात्रीपासून चमचाभर मेथ्या पाण्यात भिजू लागल्या. सहेरीला ती ते पाणी प्यायची आणि फुगलेले दाणे कुंडीत टाकायची. गोळ्या तिने बंद केल्या आणि कोणाला सांगितले नाही. रोजे निर्विघ्न पार पडल्याचा तिला आनंद होता. पुढे चप्पल लागून पायाच्या बोटाला जखम झाली. ती भरेना, मग काळी पडली. दवाखान्यात उपाशीपोटी साखर ३४० निघाली. करंगळी काढावी लागली.

गोळ्या चालू होत्या ना, असे डॉक्टरांनी विचारले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "हुजूरने फरमाए सो चीज है, उसके आगे गोली क्या करती?" डॉक्टरांनी माझ्याकडे बघितले. मी जमिनीकडे.

फुफूने मला आजवर एका शब्दाने बोल लावलेला नाही. म्हणूनच मी त्या वाक्याचा माग काढायला बसलो.

जे सापडले ते असे. बनावट हदीसांची छाननी करणाऱ्या जुन्या विद्वानांनीच हे वाक्य प्रेषितांचे नसल्याचे सांगून ठेवले आहे. चौदाव्या शतकातले इब्न अल-कय्यिम यांचा 'जाद अल-मआद' हा ग्रंथ तिब्बे नबवीसाठी आपल्याकडे सर्वांत जास्त पुढे केला जातो. त्यात हे सोन्याचे वाक्य आहे, पण ते 'काही वैद्यांचे म्हणणे' म्हणून आहे. वैद्याचे बोलणे कोणीतरी प्रेषितांच्या नावावर चढवले, आणि मी ते पुढे ढकलले. प्रेषितांच्या नावावर जाणूनबुजून खोटे खपवणाऱ्याला किती कडक इशारा आहे, हे आपण मदरशात लहानपणीच ऐकतो. मी जाणूनबुजून केले नाही, पण जाणून घ्यायचे कष्टही केले नाहीत. कोणी, कोणाकडून, कधी ऐकले याची साखळी तपासणारे एक संपूर्ण शास्त्र ज्या उम्मतने उभे केले, तिच्यातला मी एक. माझी साखळी काय होती? एक अनोळखी नंबर.

त्याच ग्रंथात मेथीचा आणखी एक किस्सा येतो. 'असे सांगितले जाते' एवढ्याच भरवशावर तो दिला आहे. साद बिन अबी वक्कास आजारी पडले. प्रेषित त्यांना भेटायला गेले आणि वैद्याला बोलवा म्हणाले. हारिस बिन कलदा आले, त्यांनी तपासले, आणि खजूर व मेथी एकत्र शिजवून द्यायला सांगितले. बघा, मेथी सांगितली ती वैद्याने. प्रेषितांनी सांगितले ते वैद्याला बोलवायला. अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहातही साद यांच्या आजाराची हकिगत आहे. तिथे औषध म्हणून अजवा खजूर आहे, पण हारिसकडे जा हा सल्ला आहेच. या हारिसनी इस्लाम स्वीकारला होता की नाही, यावर विद्वानांत मतभेद आहेत. म्हणजे बघितले गेले ते त्यांचे ज्ञान, त्यांचा कलमा नव्हे. यात सुन्नत शोधायची तर ती मला मेथीपेक्षा वैद्याकडे जाण्यात दिसते.

आता मेथीची बाजू. ती काही थोतांड नाही. मेथीच्या दाण्यात सुमारे पाव हिस्सा तंतू असतात. त्यातला विरघळणारा भाग पाण्यात फुगून बुळबुळीत होतो आणि आतड्यात पिठूळ अन्नातली साखर रक्तात सावकाश सोडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने यावर काम केले आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात मधुमेहींना तेल काढलेली मेथीपूड दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणातून मिळून दिवसाला १०० ग्रॅम दिली गेली, आणि साखर उतरलेली दिसली. पुढच्या एका अभ्यासात ६० रुग्णांना रोज २५ ग्रॅम मेथी २४ आठवडे दिली. तिथेही फायदा दिसला.

पण आपला चमचा केवढा? चहाच्या एका चमच्यात जेमतेम चार ग्रॅम मेथ्या मावतात. त्यातही फुफू पाणी पीत होती आणि दाणे कुंडीत टाकत होती, म्हणजे तंतूंचा बहुतेक भाग झाडाला जात होता. मेसेजमध्ये ना मात्रा होती, ना गोळी सोडू नका अशी ओळ.

जास्त मात्रेचेही धोके आहेत. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना ढीगभर मेथी घेतली तर साखर फार खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी फोडणीपुरतीच मेथी ठेवावी, औषध म्हणून घेऊ नये. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्यांना मेथीचाही त्रास होऊ शकतो.

असे लिहिले की दोन आक्षेप येतात. पहिला, तुम्ही शिकलेले लोक श्रद्धेची टिंगल करता. मी टिंगल करत नाही. फुफूच्या श्रद्धेत खोट नव्हती, खोट माझ्या मेसेजमध्ये होती. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. डॉक्टर दोन मिनिटे देतात, बाईमाणसाला नीट विचारत नाहीत, रोजे ठेवू का म्हटले की खेकसतात. मग माणूस आपल्या भाषेत, आपल्या प्रेषितांच्या नावाने बोलणाऱ्या मेसेजकडे वळतो. हे मला पटते. फुफूला रोजे सोडायचे नव्हते, आणि रमजानमध्ये गोळ्यांच्या वेळा बदलता येतील का, हे तिला कोणी समजावून सांगितले नव्हते. हे डॉक्टरांनी सांगायला हवे होते, आणि घरातल्या आम्ही पोरांनी विचारायला हवे होते. पण त्या रिकाम्या जागेत दुकान मांडून बसलेल्यांना मी माफ करू शकत नाही. एका जलशाबाहेर मी हिरव्या पाकिटातली मेथीपूड बघितली. वर 'तिब्बे नबवी' आणि १०० ग्रॅमला २५० रुपये. सोन्याचा भाव नसला तरी त्या दिशेने वाटचाल होती.

मेथ्या घ्यायच्याच तर किराणा दुकानातून अख्ख्या घ्या. पिवळसर, टणक, एका बाजूला खाच असलेले दाणे बघा. काळपट, धुळकट, किडके नकोत. पूड घरी लागेल तेवढीच करा, कारण दळलेल्या मेथीचा वास लवकर उडतो आणि पाकिटातल्या पुडीत काय मिसळले आहे ते डोळ्यांना दिसत नाही. भिजवल्या तर पाण्यासोबत दाणेही चावून खा. मोड आणून उसळ करा, कडूपणा कमी होतो. इडली-डोशाच्या पिठात घाला. साखरेसाठी रोज घ्यायची असेल तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तसे सांगा, आणि गोळी कमी-जास्त करायचे काम त्यांच्यावर सोडा.

त्या ग्रुपवर मी नंतर एक मेसेज टाकला. आधीचे वाक्य प्रेषितांचे नाही, ते मी न तपासता पाठवले, मला माफ करा, आणि कोणी औषध बंद केले असेल तर आज सुरू करा. आठ जणांनी अंगठा दाखवला. एका चुलतभावाने लिहिले, धर्माच्या गोष्टीत वाद कशाला? तासाभराने दुसऱ्या एका मावसबहिणीचा फोन आला. तिच्या सासऱ्यांनीही रक्तदाबाची गोळी सोडून कलौंजीचे तेल सुरू केले होते. तिला विचारायचे होते की आता त्यांना कसे सांगू.

फुफू अजून रात्री मेथ्या भिजवते. सकाळी दाणे चावते, तोंड वाकडे करते आणि न्याहारीबरोबर गोळी घेते. ती घेतली की नाही, हे मी रोज विचारतो. मेसेज पाठवायला दहा सेकंद लागले होते, याला दिवसातून एक मिनिट लागते.