एका रकान्यात किती अर्थ?

एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधाधिष्ठित प्रतिमान मांडताना रकान्यातील मूल्य अविभाज्य असावे, असा आग्रह धरला. एसक्यूएलच्या १९९९च्या प्रमाणकाने संयुक्त प्रकारांना दार उघडले. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये आज अख्खा पत्ता एका रकान्यात मावतो. सोय आहे खरी; परंतु पिनकोड रिकामा नसावा, ही अट त्या प्रकाराच्या व्याख्येत घालता येत नाही. ती तक्त्यावर, किंवा २०१८च्या अकराव्या आवृत्तीपासून डोमेनवर, वेगळी घालावी लागते. हा पहारा विसरला की अर्धवट पत्ता निमूटपणे आत शिरतो. भुर्दंड मात्र ज्याचे टपाल पोहोचत नाही, त्याला. म्हणून आमचे मत असे: रक्कम आणि चलन यांसारखी, परस्परांवाचून निरर्थक ठरणारी जोडीच एकत्र बांधावी. ज्या अवयवांना स्वतंत्र प्रश्न विचारले जातात, त्यांना स्वतंत्र रकानेच द्यावेत.