छोटा हत्ती महागला, पण कुणासाठी सुधारला?

मंडळी, छोटा हत्ती म्हणजे आपला टाटा एस. २००५ साली आला तेव्हा किंमत साधारण सव्वादोन लाख. जून २०२५ मध्ये आलेला पेट्रोलचा 'एस प्रो' ३.९९ लाखांपासून सुरू झाला. डिझेल हवा तर पाच लाखांच्या वर.

"कंपन्या लुटतात!" हे आपलं नेहमीचंच. पण या वीस वर्षांत महागाईच तिपटीच्या वर गेली, मग नुसत्या आकड्याला नावं का ठेवायची? आणि गाडी सुधारलीये हेही खरं. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, विषारी धूर बराच घटला.

माझा सवाल वेगळाच आहे. हवा सुधारली सगळ्यांची, हप्ते मात्र गाडीवाल्याचे! प्रो माल उचलतो पूर्वीच्या एसइतकाच, साडेसातशे किलो. वर सेन्सर बिघडला की नाक्यावरचा मिस्त्री हात वर करतो.

म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, ते मला पटलं. स्वच्छ हवेच्या खर्चातला थोडा वाटा सरकारी तिजोरीने, म्हणजे आपण सर्वांनी उचलला.

असो. टेम्पोवाल्याशी भाड्याची घासाघीस करताना एवढं आठवलं तरी पुरे.